ठासणीची बंदूक

जुन्नर आणि आंबेगांव या तालुक्यांच्या पश्चिम भागांत, सह्याद्रीच्या कुशीला, नागली, वरई आणि भात यांचीं शेतें आहेत. पीक हातीं येण्याच्या सुमारास रानडुकरांचा कळप रात्रीं शेतांत उतरतो, आणि वर्षाची भाकर एका रात्रींत तुडविली जाते. शेतांत माळा घालावा, गोफण घेऊन त्यावर बसावें, शेकोटी पेटवावी, डबा वाजवावा, हा त्यावरचा जुना उपाय. ज्याच्या गांठीं चार पैसे असत तो ठासणीची बंदूकही बाळगी. सणावाराला ससा किंवा तित्तिर मारावयासही ती निघे, हें खरें. शहरांतील शिकाऱ्याला तर ती केवळ हौसेची, स्वस्तांत मिळणारी वस्तु वाटे. परंतु तिचा इतिहास हौसेचा नव्हे.

या बंदुकीला काडतूस नाहीं. नळीच्या तोंडांतून प्रथम दारू ओतावयाची, वर चिंधीचा बोळा घालून तो गजानें ठासावयाचा, मग छर्रे, मग पुन्हां बोळा. मागील बोंडीवर तांब्याची टोपी बसवून घोडा चढविला म्हणजे बंदूक सिद्ध. दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक; पैकीं सोऱ्याचा वाटा सुमारें तीन चतुर्थांश. बार एकच. दुसऱ्यासाठीं सारा खटाटोप नव्यानें करावयाचा, आणि तोंवर डुकर कोठल्या कोठें गेलेलें असावयाचें! पावसाळी हवेंत दारू सर्दली तर पहिलाही बार उडत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मागून भरावयाच्या बंदुका सैन्यांत आल्या, तशी ही जुनी पडली; जुनी पडली म्हणून स्वस्त झाली. तथापि ती शेतकऱ्याच्या हातीं राहिली याचें किंमत हें अर्धेंच कारण. उरलेलें अर्धें सरकारच्या भीतींत सांपडतें.

या डोंगरांतील महादेव कोळ्यांच्या हातीं बंदूक असावी कीं नसावी, याविषयीं इंग्रज सरकारचें मत गरजेप्रमाणें बदलत गेलें. राघोजी भांगरे यांस १८४८ सालीं ठाण्यास फांशी दिलें, तेव्हां कोळी म्हणजे बंडखोर असें मत होतें. १८५७ सालीं पलटणी उत्तरेंत गुंतल्या आणि मत फिरलें. कॅप्टन नटॉल या अधिकाऱ्यानें याच जमातीची एक पलटण उभारली. तिच्या शिपायांना सरकारनेंच हलकी बंदूक आणि संगीन दिली. संकट टळलें, आणि १८६१ च्या मार्चांत ती पलटण मोडली. गरज सरो, वैद्य मरो, असाच हा प्रकार. पुढें १८७३ सालीं आंबेगांवकडील जांभोरी गांवच्या होन्या भागोजी केंगले यांनीं टोळी जमवून सावकारांवर धाक बसविला. १८७६ सालीं ते पकडले गेले.

त्यानंतर दोनच वर्षांनीं, लॉर्ड लिटन यांच्या कारकीर्दींत, १८७८ चा हत्यारांचा कायदा आला. परवान्यावांचून बंदूक बाळगणें हा गुन्हा ठरला. युरोपियनांना मात्र मोकळीक होती. हा भेद लोकांच्या मनाला फार झोंबला, आणि १८८७ च्या मद्रास येथील काँग्रेसनें त्याविषयीं ठराव केला. सभेंतील विद्वानांना ती मानाची गोष्ट वाटली असेल. माळ्यावर बसणाऱ्याला ती पिकाची होती.

स्वराज्यांत हा भेद उरला नाहीं, पण जुनी धोरणी दृष्टि उरली. १९५९ च्या शस्त्र कायद्यांत, जो १९६२ च्या ऑक्टोबरांत अमलांत आला, पिकाच्या खऱ्याखुऱ्या रक्षणासाठीं परवाना द्यावयाचा तो ठासणीच्या बंदुकीचा, असें स्पष्ट घातलें आहे. ती पुरी पडणार नाहीं अशी अधिकाऱ्याची खात्री झाली तरच दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक. म्हणजे या हत्याराचा दुबळेपणा कायदा करणाऱ्यांना पुरता ठाऊक होता. एक बार काढून थांबणाऱ्या बंदुकीनें बंड होत नाहीं. डुकर मरेल तर मरेल.

पुढें हाही हिशेब बदलला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीवर बंधनें आलीं, आणि १९९१ च्या दुरुस्तीनें हौसेची शिकार संपलीच. तें योग्यच झालें. बंदुकीच्या हौसेपायीं रानें पुष्कळ ओसाड झालीं होतीं. १९८५ सालीं आंबेगांव आणि खेड तालुक्यांतील रान भीमाशंकर अभयारण्य म्हणून राखलें गेलें. पूर्वेकडे कुकडी प्रकल्पाच्या पाण्यानें ऊस वाढला, आणि त्या उसांत बिबट्यानें घर केलें. त्याच्यावर बंदूक रोखावयाची तर स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वांचविण्याखेरीज कायद्याची मुभा नाहीं. माणिकडोहच्या केंद्रांत पकडलेले बिबटे ठेवलेले आहेत. डुकरालाही वनखात्याच्या परवानगीवांचून मारतां येत नाहीं. अर्थात् बंदुकीचा परवाना एका कचेरींतून आणि जनावराचा दुसऱ्या कचेरींतून, अशी शेतकऱ्याची स्थिति आहे. दोन्ही कागद हातीं येईतों पीक उभें राहत नाहीं. ज्याच्याजवळ पहिलाच कागद आहे त्याला ठासणीच्या बंदुकीनें एकच काम करतां येतें. छर्रे न भरतां, नुसती दारू ठासून, आभाळाकडे बार काढणें.