तंजावूरचा ताळेबंद

राजघराण्याचा इतिहास वाचू इच्छिणाऱ्याला बखर जितकी प्रिय असते, तितकी खतावणी प्रिय नसते. बखरीत लढाया असतात, तह असतात, राजांची भाषणे असतात. खतावणीत तूप, तांदूळ, कापड, तेल, पगार आणि बाकी एवढेच असते. परंतु बखर लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुधा कोणीतरी धनी असतो व त्याला संतुष्ट करण्याची इच्छा त्याच्या लेखणीत उतरते. खतावणी लिहिणाऱ्या कारकुनाला मात्र जमा आणि खर्च यांचा मेळ घालावयाचा असतो. म्हणून एखाद्या राज्याने कशाला किती मोल दिले हे पाहावयाचे असेल, तर त्याच्या जमाखर्चाकडेच वळावे लागते. असा जमाखर्च शतकानुशतके लिहीत राहिलेले शहर म्हणून तंजावूरचे नाव घ्यावे लागेल.

या शहरातील सर्वांत जुना उपलब्ध जमाखर्च कागदावर नाही, दगडावर आहे. चोल सम्राट पहिला राजराज याने बांधलेले बृहदीश्वराचे मंदिर १०१० च्या सुमारास पूर्ण झाले. मंदिराच्या भिंतींवर त्याने जे लेख कोरविले त्यांत राजाची स्तुती आहे. परंतु त्यांचा फार मोठा भाग निव्वळ हिशेबाचा आहे. कोणत्या मूर्तीला कोणता दागिना दिला, त्याचे वजन किती, तो कोणत्या मापाने मोजला, याची त्यांत नोंद आहे. देवळाच्या सेवेसाठी आणलेल्या ४०० नर्तकींची नावे आहेत आणि प्रत्येकीला एक घर व वर्षाला १०० कलम भात ठरवून दिल्याचेही लिहिले आहे. एका नंदादीपाला रोज किती तूप लागेल हे ठरवून, त्यासाठी ९६ मेंढ्या, किंवा ४८ गाई, किंवा १६ म्हशी नेमून दिल्या आहेत. ग्रामसभांना मंदिराची रक्कम कर्जाऊ देऊन तिच्यावर दरसाल एक-अष्टमांश, म्हणजे शेकडा साडेबारा, व्याज घेतले जाई. ते व्याज कोणत्या कामी लावावयाचे हेही दगडावरच नमूद आहे. दिव्याचे तूप दिव्यालाच आणि नैवेद्याचे भात नैवेद्यालाच, ही मर्यादा त्या लेखांत सर्वत्र दिसते. रक्कम नुसती असून भागत नाही, ती कोणत्या कामाची हे आधी ठरावे लागते, हे तत्त्व तंजावुराने एक हजार वर्षांपूर्वी मान्य केले होते.

चोलांनंतर पांड्य आले, विजयनगरचे नायक आले, आणि १६७५-७६ च्या सुमारास शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी येथे भोसल्यांची गादी स्थापिली. कावेरीच्या सुपीक खोऱ्यात मराठी राज्याबरोबर मराठी दप्तरही आले. दिवसाची रोजकीर्द, त्यातून बाबवार खतावणी, तिचा गोषवारा म्हणून तेरीज, आणि वर्षअखेरचा ताळेबंद ही मराठ्यांची हिशेबाची परंपरा होती. पुढील वर्षाच्या अपेक्षित जमाखर्चाला पेशवाईच्या दप्तरात ‘बेहडा’ म्हणत. आज ज्याला आपण अंदाजपत्रक म्हणतो, त्याचाच तो पूर्वज. ‘बारा महाल, अठरा कारखाने’ हा शब्दप्रयोग मराठीत रूढ झाला, याचे कारण राज्याचा खर्च खात्याखात्यांत वाटून पाहण्याची सवय कारभाऱ्यांच्या अंगवळणी पडली होती. भोवतालचा मुलूख तमिळ, दरबारातील संगीत व नाट्य बहुतांशी तेलुगू, पंडितांची भाषा संस्कृत, आणि हिशेब मोडी मराठीत, असे या दरबाराचे चित्र होते.

या हिशेबांवर खरे संकट आले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. १७७३ मध्ये अर्काटच्या नबाबाने कंपनीच्या फौजेच्या बळावर तंजावूर घेतले. १७७६ मध्ये कंपनीनेच ते तुळजाराजांना परत दिले. १७८१ मध्ये हैदर अलीच्या स्वारीने शेती उद्ध्वस्त केली. खंडणी, फौजेचा खर्च आणि सावकारांचे कर्ज यांत राज्य बुडत गेले. १७८७ मध्ये तुळजाराजे वारले. त्यांचे दत्तक पुत्र सरफोजी यांना गादी मिळण्यास १७९८ साल उजाडावे लागले. पुढच्याच वर्षी, २५ ऑक्टोबर १७९९ रोजी, झालेल्या तहाने राज्याचा सारा मुलकी कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे तंजावूरचा किल्ला व त्याच्या लगतचा थोडा मुलूख राहिला. त्यांना दरसाल एक लाख स्टार पगोडा, म्हणजे सुमारे साडेतीन लाख रुपये, आणि मुलखाच्या निव्वळ उत्पन्नाचा पाचवा हिस्सा मिळावा असे ठरले.

या तहातील ‘निव्वळ’ हा शब्द हिशेबाच्या जाणकाराने थांबून वाचावा असा आहे. उत्पन्नातून वसुलीचा व कारभाराचा खर्च वजा जाता जे उरेल ते निव्वळ. आणि तो खर्च लिहिणारी लेखणी आता कंपनीच्या हाती होती. राजांच्या जमेची बाजू अशा रीतीने दुसऱ्याच्या वहीत ठरू लागली. राजांच्या स्वतःच्या हाती उरली ती केवळ खर्चाची बाजू. ज्याच्याजवळ सैन्य नाही, कर बसविण्याचा अधिकार नाही, अशा राजाने आपले राजेपण कोठे दाखवावे? सरफोजींनी ते खर्चाच्या बाबींत दाखविले.

नायकांच्या काळापासून चालत आलेल्या सरस्वती महालासाठी त्यांनी हस्तलिखिते जमविली आणि युरोपातून हजारो ग्रंथ मागविले. धन्वंतरी महालात औषधांची सिद्धता व चिकित्सा चाले. नेत्ररोग्यांच्या ज्या नोंदी राजांच्या देखरेखीखाली ठेवल्या गेल्या, त्यांत डोळ्यांची रंगीत चित्रेही आहेत. राजवाड्यात देवनागरी छापखाना निघाला आणि १८०६ मध्ये इसापच्या गोष्टींचे मराठी रूपांतर ‘बाळबोध मुक्तावली’ तेथून छापून निघाले. महाराष्ट्रात मराठी मुद्रणाचा प्रसार होण्यापूर्वीची ही गोष्ट आहे. त्याच सुमारास, १८०३ मध्ये, बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसलेकुलाचा इतिहास मराठीत कोरला गेला. राजराजाने दगडावर हिशेब कोरविला होता. सरफोजींनी दगडावर वंशचरित्र कोरविले आणि हिशेब कागदावर ठेवला.

त्या कागदांतील सर्वांत हृद्य बाब छत्रांची होय. काशीहून रामेश्वराला जाणाऱ्या यात्रेकरूंच्या वाटेवर तंजावूरच्या राजघराण्याने अन्नछत्रे बांधली होती. ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र त्यांपैकीच एक. कारभार कंपनीकडे जाताच या छत्रांचे पुढे काय होणार, ही चिंता सरफोजींना लागली आणि १८०१ मध्ये त्यांनी इंग्रज रेसिडेंटला सविस्तर पत्र लिहिले. छत्रात ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत कोणालाही अन्न मिळते. शिजविलेले नको असेल त्याला शिधा मिळतो. मध्यरात्री घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिला असल्यास त्याने यावे, असे पुकारले जाते. आजारी वाटसरूला वैद्य आहे, पोरक्या मुलांना शिक्षक आहे, तान्ह्या मुलांना दूध आहे, बाळंतिणीची सोय आहे, आणि वाटेत कोणी मेला तर त्याच्या अंत्यसंस्काराचीही व्यवस्था आहे, असा त्या पत्राचा आशय आहे. राजाने आपल्या मानापमानाची तक्रार न मांडता खर्चाची यादी मांडली. भाताच्या प्रत्येक मापामागे कोण उभे आहे हे सांगितल्यावाचून ती बाब वाचणार नाही, हे त्यांना ठाऊक होते.

१८३२ मध्ये सरफोजी वारले आणि त्यांचे पुत्र शिवाजीराजे गादीवर आले. २९ ऑक्टोबर १८५५ रोजी तेही पुत्रावाचून निवर्तले. कंपनीने गादी संपली असे ठरविले आणि पुढील वर्षी तिच्या अधिकाऱ्याने, फोर्ब्स याने, राजवाड्याची सारी मालमत्ता ताब्यात घेऊन तिच्यावर मोहोर केली. दरबाराची चीजवस्तू आणि राजांचे खासगी धन असा भेद त्या जप्तीत केला गेला नाही. वडील राणी कामाक्षीबाई यांनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात दावा लावला: राज्य गेले असले तरी पतीची खासगी संपत्ती विधवेची आहे, असे त्यांचे म्हणणे होते. मद्रासच्या न्यायालयाने ते मान्य केले. परंतु सरकारने प्रिव्ही कौन्सिलकडे अपील केले आणि जुलै १८५९ मध्ये लॉर्ड किंग्जडाउन यांनी तो निर्णय फिरविला. ही जप्ती सार्वभौम सत्तेने केलेली राजकीय कृती आहे. ती न्याय्य होती की अन्याय्य, हे तपासण्याचा अधिकार न्यायालयाला नाही, असा त्यांच्या निकालाचा अर्थ होता. कायद्याच्या अभ्यासकांना हा निकाल आजही परिचित आहे.

येथे जमाखर्चाच्या शास्त्रातील मूळ प्रश्न उघडा पडतो. जुन्या राजवटींत राजाचे घर आणि राजाचे राज्य यांच्या तिजोरीत स्पष्ट भिंत नसे. राजा समर्थ होता तोवर त्या संमिश्रतेने त्याचे काही बिघडले नाही. राजा गेला तेव्हा त्याच संमिश्रतेच्या आडोशाने विधवेचे दागिनेही राज्याच्या मालमत्तेत मोजता आले. कोर्टाने जे दिले नाही ते अखेर सरकारच्या धोरणाने दिले, आणि १८६२ मध्ये मालमत्ता राजांच्या वारसांना सोडण्यात आली. परंतु हक्क म्हणून मिळणे आणि कृपा म्हणून मिळणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर कामाक्षीबाईंना सात वर्षे भोगावे लागले.

स्वतंत्र भारताने ही भिंत पक्की बांधली. संस्थाने विलीन होताना संस्थानिकांच्या खासगी मालमत्तेच्या याद्या वेगळ्या करण्यात आल्या. त्यांचे तनखे १९७१ मध्ये बंद झाले. राज्यघटनेने सरकारी महसुलासाठी संचित निधी निर्माण केला, आणि विधिमंडळाने मंजूर केल्यावाचून त्यातून रक्कम काढता येत नाही. आज प्रत्येक विभागाच्या अंदाजपत्रकात मागील वर्षाची प्रत्यक्ष रक्कम, चालू वर्षाचा अंदाज, त्याचा सुधारित अंदाज आणि पुढील वर्षाचा अंदाज असे रकाने असतात. प्रत्येक ओळीला लेखाशीर्षाचा क्रमांक असतो. दप्तराची जागा आता संगणकाने घेतली आहे. महाराष्ट्रात निधीचे वितरण ‘बीम्स’ या प्रणालीवरून होते, आणि एका लेखाशीर्षाची रक्कम दुसऱ्यात सहजासहजी जाऊ शकत नाही. दिव्याचे तूप दिव्यालाच, हा राजराजाचा नियम यंत्राच्या अंगी आणला गेला आहे. परंतु त्या क्रमांकामागे कोणाची भूक आहे, कोणाचे आजारपण आहे, हे यंत्र सांगत नाही. ते सांगण्यासाठी १८०१ चे पत्र लिहिणारी माणसे लागतात.

सरस्वती महाल १९१८ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. तेथील हस्तलिखितांबरोबर मराठी राजवटीच्या मोडी कागदांची १३०० हून अधिक गाठोडी आहेत. तंजावूर येथील तमिळ विद्यापीठाच्या अभ्यासकांनी त्यांतील कागद तमिळमध्ये आणून मराठेकालीन समाजजीवनाचे चित्र उभे केले, ही त्यांची मोठी सेवा होय. मराठी वाचकाला तर या कागदांची भाषा आपलीच आहे; आडवी येते ती फक्त लिपी. दोन पिढ्यांपूर्वी शाळेत शिकविली जाणारी मोडी आज मोजक्या लोकांना वाचता येते. दगडावरचा राजराजाचा हिशेब एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विद्वानांनी वाचून छापला, म्हणून आज त्या ४०० नर्तकींची नावे आपल्याला ठाऊक आहेत. छत्राच्या पंगतीतल्या माणसांचा हिशेब कागदावर आहे, आणि कागदाला दगडाइतके आयुष्य नसते.