गावाच्या मधलं घर

"आपल्या जिल्ह्याचं दरडोई उत्पन्न इतकं झालं" अशी बातमी अधूनमधून कानावर पडते. ती ऐकून प्रत्येकीच्या मनात येतं, मग माझ्या वाट्याचे गेले कुठे? हा प्रश्न रास्त आहे आणि जुनाही आहे.

दादाभाई नौरोजींनी १८६७-६८ सालासाठी हिशेब मांडला. देशात पिकलं किती, त्याची किंमत किती, माणसं किती. भागाकार आला माणशी वर्षाला २० रुपये. तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्चसुद्धा याहून जास्त होता, हे त्यांनी सरकारला दाखवून दिलं. हिशेब मोठ्या कामाचा होता, पण ती सरासरी होती.

सरासरी कशी फसवते ते बघा. समजा एका गल्लीत पाच घरं आहेत. चार घरांची महिन्याची कमाई चार, पाच, सहा आणि सात हजार. पाचवं घर उसाच्या बागायतदाराचं, त्याची अठ्ठ्याहत्तर हजार. बेरीज एक लाख, सरासरी वीस हजार. पण वीस हजार कमावणारं घर त्या गल्लीत एकही नाही! आता घरं कमाईनुसार रांगेत उभी करा आणि मधलं घर बघा. ते सहा हजारांचं. मुलांच्या गणिताच्या पुस्तकात याला मध्यक म्हणतात. आपल्या माळशिरस तालुक्यात तर हे फार लागू पडतं. नीरा उजव्या कालव्याखालचा ऊस आणि कोरडवाहू रानातली ज्वारी एकाच बेरजेत घातली, तर उत्तर दोघांपैकी कुणाचंच येत नाही.

मधलं घर शोधायचं तर घरोघर जावं लागतं. ते काम केलं पुण्याच्या शेती कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी. पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाचा त्यांचा अभ्यास १९१७ मध्ये छापला गेला. १०३ कुटुंबं तपासली. फक्त शेतीवर नीट भागणारी निघाली ८. शेतीला बाहेरच्या कामाची जोड देऊन भागवणारी २८. आणि सगळं करूनही तोंडमिळवणी न होणारी ६७. आता ही घरं ओढाताणीच्या क्रमानं रांगेत लावा. मधलं, म्हणजे बावन्नावं घर तोंडमिळवणी न होणाऱ्यांतच सापडतं. एवढी साधी गोष्ट, पण ती कुठल्याही सरासरीत दिसली नसती.

पुढची गोष्ट तर आपल्याच जिल्ह्यातली आहे. १९७५ साली हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या कोरडवाहू शेतीच्या संशोधन संस्थेनं काही गावं निवडली. त्यांत मोहोळ तालुक्यातलं शिरापूर आणि उत्तर सोलापुरातलं कळमण होतं. दर गावात ४० घरं: दहा भूमिहीनांची, दहा लहान, दहा मध्यम आणि दहा मोठ्या शेतकऱ्यांची. माहिती घेणारा माणूस गावातच राहायचा आणि तीन-चार आठवड्यांनी पुन्हा दारात यायचा. वर्षातून एकदाच विचारलं, तर गेल्या जेठात किती दिवस खुरपायला गेलो हे कुणाला आठवणार? विकलेल्या मालाबरोबर घरी खाल्लेलं धान्य आणि कडबाही हिशेबात धरला. हे दहा वर्षं चाललं, आणि २००१ नंतर पुन्हा सुरू झालं.

त्यातून कळलं ते असं, की घराची कमाई एका वर्षाच्या आकड्यावरून कळत नाही. एक वर्ष बरं, दुसरं कोरडं. १९७२ च्या दुष्काळापासून मोठ्या प्रमाणावर सुरू झालेली रोजगार हमीची कामं जिथं मिळत होती, तिथं भूमिहीन घरांचे हे हेलकावे कमी होते. खडी फोडणाऱ्या बायकांना हे संशोधनाशिवायही ठाऊक होतं म्हणा.

वर्षावर्षांची तुलना करताना आणखी एक पथ्य पाळावं लागतं. तेव्हाचे रुपये आणि आजचे रुपये शेजारी ठेवून काही कळत नाही. दिवसाच्या मजुरीत तेव्हा किती ज्वारी यायची आणि आता किती येते, ते बघावं लागतं.

आज जिल्ह्याचा आकडा राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय काढतं. तो एकूण उत्पन्नाला लोकसंख्येनं भागून काढलेला, म्हणजे पुन्हा सरासरीच. सरकारी नमुना पाहणीत तर मुख्यतः खर्च विचारतात, कारण माणूस खर्च सांगतो, कमाई लपवतो. शिवाय प्रश्न बहुतेक वेळा कारभाऱ्याला विचारला जातो. डेअरीला घातलेलं दूध त्याला आठवतं. शेळीचं, कोंबड्यांचं, शिवणाचं कारभारणीला आठवतं.

याचा आपल्याशी संबंध रेशनपाशी येतो. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबं निवडताना राज्यानं खेड्यांसाठी वर्षाला ४४,००० रुपयांची मर्यादा घेतली. महिन्याला साधारण ३,६६७ रुपये. अशी मर्यादा वर्षानुवर्षं तीच राहिली आणि मजुरी मात्र महागाईबरोबर रुपयांत वाढली, तर घर आहे तिथंच राहून कागदावर श्रीमंत होतं. बचत गटाच्या पुढच्या बैठकीत दहा-बारा घरांची वर्षाची कमाई, नावं न लिहिता, चिठ्ठ्यांवर मागवा. चिठ्ठ्या रांगेत लावा आणि मधली उचलून बघा, ती ४४,००० च्या अलीकडची आहे की पलीकडची.