डब्यातल्या गारा

मार्च २०१४ मधली गोष्ट आहे. श्रीरामपूरपासून सहा-सात किलोमीटरवर आमची वस्ती. मागे दोन पक्क्या खोल्या, पुढे पत्र्याची पडवी. गहू सोंगणीला आलेला आणि उन्हाळी कांदा अजून जमिनीत पोसत होता. संध्याकाळी पाचच्या सुमारास आमचा गावठी कुत्रा मोत्या साखळीला हिसके देऊ लागला. आभाळ पूर्वेकडून भरून येत होतं, पण वारा पूर्ण पडलेला होता. पत्र्यावर एक टण्णकन आवाज आला. चिंचेवर दगड मारणारी पोरं असतील असं समजून दादा ओरडले. दुसरा आवाज आला, तिसरा आला आणि मग एकमेकांचं बोलणंही ऐकू येईना.

दादा डोक्यावर घमेलं धरून पळाले आणि मोत्याला सोडून आणलं. कुत्रं उंबऱ्याच्या आत येता कामा नये, हा आईचा नियम होता. त्या दिवशी तिनेच त्याचा पट्टा धरून त्याला आत ओढलं. तो बाजेखाली शिरला तो तिसऱ्या दिवशीच नीट बाहेर आला.

सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं चाललं असेल. थांबल्यावर दार उघडलं तर अंगण पांढरंशुभ्र, आणि ठेचलेल्या कांद्याच्या पातीचा वास घरभर. लिंबाखाली मेलेले पोपट पडले होते. पत्र्याला भोकं पडून पडवी भिजली होती, विजेचे खांब आडवे झाले होते. रात्री आम्ही तिघं आणि मोत्या एकाच खोलीत, कंदिलाच्या उजेडात बसलो. गारठा असा की मार्चमध्ये गोधड्या काढाव्या लागल्या. मोत्याची थरथर थांबेना, तेव्हा दादांनी त्याच्यावर जुनं पोतं टाकलं आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून ते बसून राहिले. शेतात काय झालं असेल हे विचारायचं धाडस कुणालाच होत नव्हतं.

त्याआधी दादांनी एक काम केलं होतं. अंगणातल्या लिंबाएवढ्या पाच-सहा गारा वेचून स्टीलच्या डब्यात घातल्या आणि डबा फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवला. म्हणाले, "भाऊसाहेब पंचनाम्याला आले की दाखवू." वीज तिसऱ्या दिवशी आली. पंचनामा त्यानंतर झाला. डब्यात वाटीभर पाणी उरलं होतं.

त्या पाण्यामुळे मी गारांचा इतिहास शोधायला लागलो. आमच्या तालुक्याचा लिहिलेला इतिहास सगळा जमिनीवरच्या पाण्याचा आहे. १८७८ मध्ये दौंड-मनमाड रेल्वे सुरू झाली. शेजारच्या बेलापूरचं नाव मिळालेल्या स्टेशनाभोवती बाजारपेठ वाढली आणि पुढे तिचं श्रीरामपूर झालं. १९२६ मध्ये भंडारदरा धरणाचं उद्घाटन झालं. प्रवरेच्या कालव्यांनी ऊस आणला, हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना आला. कालव्याची लांबी आणि भिजलेलं क्षेत्र यांचे आकडे सापडतात, कारण पाटबंधारे खातं ते लिहून ठेवत आलं. वरून पडणाऱ्या बर्फाचा हिशोब असा सलग कुणी ठेवलेला नाही. गार पडते, सगळं मोडते आणि तासाभरात नाहीशी होते.

ती तयार कशी होते, हे आता नीट माहीत आहे. हिवाळा सरताना जमीन तापू लागते, पण वरची हवा अजून थंडच असते. समुद्रावरून आलेली दमट हवा या दोन थरांत सापडली की ढग कित्येक किलोमीटर उंच चढतो. आत वर जाणारा वारा इतका जोरकस असतो की पाण्याचे थेंब शून्याखालच्या थंडीत जातात. तिथे गोठलेल्या कणावर पाण्याचे थरावर थर चढतात. वजन वाऱ्याला पेलेनासं झालं की गार खाली येते. म्हणून महाराष्ट्रात गारपिटीचा काळ म्हणजे फेब्रुवारी ते मे, आणि रब्बी नेमकी तेव्हाच पदरात पडायची असते.

माणसं मोठ्या संख्येने मेली, तेव्हा मात्र नोंद राहिली. ३० एप्रिल १८८८ रोजी उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादजवळ गारपिटीने २४६ माणसं मेली. जागतिक हवामान संघटनेच्या यादीत ती आजही जगातली सर्वांत प्राणघातक गारपीट आहे. १४ एप्रिल १९८६ रोजी बांगलादेशात गोपालगंजला पडलेली १ किलो २० ग्रॅमची गार ही नोंदलेली सर्वांत जड गार. पण नुसतं पीक गेलं, त्या गारपिटी कुठे लिहिल्या आहेत?

शोधताना मला गारपगारी भेटला. विदर्भातल्या मराठी गावांत गारा अडवणं हाच ज्यांचा पिढीजात व्यवसाय होता, असा हा समाज. १९१६ मध्ये रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात त्यांचं वर्णन आहे. गारांचं आभाळ दिसलं की गारपगारी तलवार घेऊन मारुतीपुढे उभा राहायचा. आधी विनवणी करायचा, मग धमकी द्यायचा की ढग हटव, नाहीतर इथेच जीव देतो. पूर्वी म्हणे तो स्वतःवर वार करून घ्यायचा. ग्रंथ लिहिला गेला तोवर बोटातून रक्त काढण्यावर आलं होतं. गाव त्याला धान्य द्यायचं, पण लोकांचा विश्वास उडत चालल्याने त्याची मिळकत घटली होती, असंही त्यात म्हटलं आहे.

त्यातच फुलर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याची हकिगत आहे. चांदा जिल्ह्यात दौऱ्यावर असताना आभाळ भरून आलं. त्याला पुढच्या मुक्कामाची घाई होती, म्हणून त्याने भेटायला आलेल्या गारपगाऱ्याला छावणीबाहेर पहाऱ्यावर उभं केलं. तो रात्रभर उभा राहिला, पाऊस आला नाही आणि त्या गारपगाऱ्याचं जन्मभराचं नाव झालं.

याला हसायचं असेल तर युरोपलाही हसावं लागेल. १८९६ च्या सुमारास ऑस्ट्रियात आल्बर्ट श्टिगर या द्राक्षबागायतदार नगराध्यक्षाने गारांच्या ढगांवर तोफा डागायला सुरुवात केली. काही वर्षांत इटलीत अशा हजारो तोफा झाल्या, परिषदा भरल्या. पुढे सरकारी चाचण्यांत उपयोग दिसला नाही. घाबरलेला शेतकरी सगळीकडे सारखाच. तोफवाल्याने ढगावर आवाज केला, गारपगाऱ्याने देवावर.

गारपगारी गारा अडवत नव्हता, हे मला कळतं. पण आभाळ काळं झालं की तो गावासाठी उघड्यावर उभा असायचा. आपली व्यवस्था गारा विरघळल्यावर येते, आणि तिच्याही काही समजुती आहेत. २०१४ ची गारपीट फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या मध्यापर्यंत राज्याच्या बऱ्याच भागाला झोडपत राहिली. ५ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली होती. सरकारने सुमारे ४००० कोटींची मदत जाहीर केली. मात्र पिकाचं नुकसान ५० टक्के किंवा त्याहून जास्त असल्याशिवाय मदत नव्हती. ही अट केंद्राने २०१५ मध्ये ३३ टक्क्यांवर आणली.

आमचा गहू पूर्ण झोपला होता, तो धरला गेला. कांद्याची पात गेलेली, पण जमिनीतला कांदा हाताला टणक लागत होता, म्हणून त्याचं नुकसान निम्म्याच्या आत लिहिलं गेलं. आलेल्या माणसांनी डोळ्यांना दिसलं ते लिहिलं, त्यांचीही चूक म्हणता येत नाही. दादांनी डब्यातलं पाणी दाखवलं. कुणी हसलं नाही, पण पंचनाम्यात पाण्याला रकाना नव्हता. पातीला मार बसलेला कांदा टिकत नाही. चाळीत भरलेल्या आमच्या कांद्याला जूनमध्ये वास सुटला. तोवर कागद पुढे गेले होते.

नंतर कधीतरी मी दादांना गारपगाऱ्याची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आपला मोत्या काय वेगळं करतो?"

कारण त्या वर्षानंतर फेब्रुवारी-मार्चमध्ये ढग दाटले की मोत्या आधी आभाळाकडे तोंड करून भुंकायचा आणि मग कुणाला न विचारता उंबरा ओलांडून बाजेखाली जायचा. आईने त्याला पुन्हा कधी हाकललं नाही. दादा त्याच्यावर नजर ठेवून राहत. तो आत गेला की ताडपत्री घेऊन खळ्याकडे निघत. बहुतेक वेळा काहीच पडायचं नाही. २०२१ च्या हिवाळ्यात तो म्हातारा होऊन गेला.

आता दादा गार पडली की शेजारी पट्टी ठेवून मोबाइलवर तिचा फोटो काढतात आणि वहीत तारीख, वेळ, कोणत्या गटात किती पडल्या ते लिहितात. सुरुवातीच्या दोन-तीन पानांवर वेळेच्या पुढे आणखी एक नोंद आहे: मोत्या किती वाजता आत आला.