वेलंकनीच्या वाटेवरचे तंजावर

वेलंकनी मातेच्या दर्शनाला आमच्या वसई परिसरातून दरवर्षी कितीतरी कुटुंबे जातात. मुंबईहून चेन्नई, चेन्नईहून रात्रीची गाडी आणि मग माउलीचे मंदिर, एवढेच त्या प्रवासाचे चित्र बहुतेकांच्या मनात असते. वाटेत तंजावर लागते तेव्हा डब्यातील मंडळी गाढ झोपेत असतात. पूर्वी दोनदा आम्हीही तसेच झोपेत तंजावर ओलांडले. या वेळी मात्र धर्मग्रामातील यात्रेकरूंना घेऊन तिथे दोन दिवस मुक्काम करायचे ठरवले.

बेत जाहीर करताच आमच्यातील एका वयोवृद्ध निवृत्त शिक्षकांनी विचारले, "फादर, मराठ्यांच्या राजवाड्यात आपले काय काम? वसईचा किल्ला घेतला तो मराठ्यांनीच ना?" मंडळी हसली. पण प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. ती हकिकत आमच्याकडे एका घरात विजयाची, तर दुसऱ्या घरात पडलेल्या चर्चची म्हणून सांगितली जाते. त्या क्षणी आम्हाला नीट उत्तर देता आले नाही. ते पुढे तंजावरातच मिळाले.

तंजावर हे कावेरीच्या सुपीक खोऱ्यातील नगर. चोळ सम्राट पहिला राजराज याने बांधलेले बृहदीश्वराचे मंदिर १०१० साली पूर्ण झाले. तेरा मजल्यांचे, दोनशे फुटांहून उंच असलेले त्याचे विमान, म्हणजे गाभाऱ्यावरील शिखर, ग्रॅनाइटच्या शिळांनी रचले आहे. या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही असे वाटाडे हमखास सांगतात. आम्ही भर दुपारी त्या सावलीतच उभे होतो! दंतकथेवाचून काही उणे पडू नये, इतके ते मंदिर मोठे आहे. १९८७ साली त्याचा समावेश जागतिक वारशात झाला. २००४ साली कुंभकोणमजवळील दारासुरम आणि गंगैकोंडचोळपुरम येथील चोळ मंदिरेही त्याच्या जोडीला आली. ज्यांच्या हाताशी आणखी एक दिवस असेल त्यांनी ती दोन्ही अवश्य पाहावीत.

चोळांनंतर कालांतराने इथे नायक राजे आले. त्यांची सत्ता १६७३ मध्ये मोडली आणि लवकरच शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांनी तंजावर हस्तगत केले. तेव्हापासून १८५५ पर्यंत, पावणेदोनशेहून अधिक वर्षे, तमिळ मुलखात भोसल्यांची गादी नांदली. याच वंशातील दुसरे सरफोजी राजे यांनी १८०३ साली आपल्या घराण्याचा इतिहास बृहदीश्वराच्या प्राकाराच्या भिंतींवर कोरून घेतला. तो मराठीत आहे आणि देवनागरी लिपीत आहे. देशातील सर्वांत मोठ्या शिलालेखांत त्याची गणना होते.

चारही बाजूंनी तमिळ कानी पडत असताना त्या ओळींपुढे आम्ही उभे राहिलो. आमच्या शिक्षक महोदयांनी चष्मा पुसला आणि बोट धरून एकेक अक्षर लावू लागले. जुनी भाषा, जुने वळण. तरी शब्द हळूहळू हाती येत होते. त्यांचा नातू शेजारीच होता. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या त्या हुशार मुलाने लेखाचे छायाचित्र काढले आणि विचारले, "आजोबा, यात काय लिहिलंय?" आजोबा त्याच्याकडे क्षणभर पाहत राहिले. मग पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचू लागले, आता थोडे मोठ्याने.

मंदिराला लागूनच शिवगंगा तलावाच्या काठी एक जुने प्रोटेस्टंट चर्च आहे. ते १७७९ सालचे असून ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या नावाने ओळखले जाते. आत भिंतीवर लंडनचे नामवंत शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांनी घडवलेले संगमरवरी शिल्प आहे. एक वृद्ध धर्मगुरू मृत्युशय्येवर पडला आहे आणि एक राजा त्याचा हात हाती घेऊन उभा आहे. तो धर्मगुरू म्हणजे श्वार्ट्झ आणि तो राजा म्हणजे सरफोजी. हे शिल्प सरफोजी राजांनीच करवून घेतले.

श्वार्ट्झ यांचा जन्म १७२६ चा. १७५० साली ते त्रांकेबार (तरंगमबाडी) येथील डॅनिश वसाहतीत आले आणि पुढे तिरुचिरापल्ली व तंजावर येथे त्यांनी आयुष्य वेचले. कंपनी सरकारने १७७९ मध्ये हैदर अलीकडे बोलणी करण्यासाठी त्यांनाच धाडले, कारण हैदरचा त्यांच्या शब्दावर विश्वास होता. हैदरच्या स्वारीत तंजावरात अन्नान्नदशा झाली, तेव्हा त्यांनी आधीच साठवलेल्या तांदळावर कितीतरी भुकेले जगले. जुलमाला कंटाळून गाव सोडून गेलेले शेतकरी राजाच्या नव्हे, या पाद्रीच्या शब्दावर परतले. १७८७ मध्ये तुळजाजी राजे मरणोन्मुख असता त्यांनी दहा वर्षांच्या दत्तक सरफोजीला श्वार्ट्झ यांच्या हाती सोपवले. पुढे गादीवर आलेल्या अमरसिंहाच्या जाचातून श्वार्ट्झ यांनी मुलाला वाचवले, त्याला मद्रासला नेण्याची व्यवस्था केली आणि त्याच्या शिक्षणाकडे लक्ष दिले. फेब्रुवारी १७९८ मध्ये श्वार्ट्झ वारले. त्याच वर्षी सरफोजी गादीवर बसले. आपल्या गुरूसाठी त्यांनी इंग्रजीत स्मृतिकविता रचली.

या मैत्रीचे गोडवे गाताना सत्य झाकू नये. १७९९ च्या तहाने कंपनीने राज्याचा कारभार आपल्याकडे घेतला आणि सरफोजींच्या हाती किल्ल्यापलीकडे फारसे काही उरले नाही. मिशनरी कितीही निर्मळ असला, तरी तो ज्या गोऱ्या सत्तेच्या ओळखीने वावरत होता ती निर्मळ नव्हती. दुसरीकडे, याच भोसले घराण्यातील शहाजी राजांच्या अमदानीत, १७०१ च्या सुमारास, तंजावर राज्यातील आमच्या कॅथोलिक बांधवांचा छळ झाला होता. जखमा दोन्हीकडे होत्या. त्या असूनही शंभर वर्षांच्या आत त्याच घराण्याचा राजा एका ख्रिस्ती धर्मगुरूच्या उशाशी उभा राहिला. सरफोजी अखेरपर्यंत हिंदूच राहिले, श्वार्ट्झ अखेरपर्यंत मिशनरीच राहिले. एकाने दुसऱ्याला आपल्यासारखे केले नाही. तरी दोघे एकमेकांचे झाले.

राज्य गेलेल्या या राजाने ज्ञानाचे राज्य उभारले. राजवाड्यातील सरस्वती महाल ग्रंथालय मूळचे नायकांच्या काळातील; पण त्याला आजचे वैभव सरफोजींनी दिले. तिथे चाळीस हजारांहून अधिक हस्तलिखिते आहेत. बहुतेक संस्कृत, पण मराठी हस्तलिखितेही तीन हजारांच्या घरात आहेत. सरफोजींनी १८०५ च्या सुमारास देवनागरी छापखाना काढला आणि इसापच्या गोष्टी मराठीत छापून घेतल्या. नेत्ररोग्यांवर होणाऱ्या उपचारांच्या नोंदीही त्यांनी ठेवविल्या. मोडी लिपीतील दप्तरे तिथे ढिगाने आहेत. ती वाचणारे मात्र बोटांवर मोजण्याइतके. शिलालेखापुढे प्रश्न विचारणारा नातू आम्हाला इथे पुन्हा आठवला. भाषा कोणी हिरावून नेत नाही. वाचणारा उरला नाही की ती आपोआप मुकी होते.

तंजावरपासून जवळच पूंडी मातेचे तीर्थक्षेत्र आहे. येशूसंघीय फादर बेस्की यांच्या नावाशी ते जोडलेले आहे. इटलीहून आलेल्या या धर्मगुरूंनी तमिळ अशी आत्मसात केली की लोकांनी त्यांना 'वीरमामुनिवर' ही पदवी दिली. संत योसेफावरील त्यांचे 'तेंबावणी' हे महाकाव्य तमिळ साहित्यात मान्यता पावले आहे. त्यांच्या आधी शंभर वर्षे, १६१६ मध्ये, गोव्यात फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ मराठी वाङ्मयाचे लेणे आहे. दोघेही परके, पण ज्यांच्यात राहायचे त्यांची भाषा त्यांनी आईच्या भाषेसारखी जवळ केली. मग जन्माने मराठी असलेल्या आपण ती का सोडावी?

तिसऱ्या दिवशी आम्ही वेलंकनीला पोहोचलो. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत याच किनाऱ्यावर असंख्य भाविकांचा बळी गेला. त्यांच्यासाठी आम्ही प्रार्थना केली. १९६२ साली पोप तेविसावे योहान यांनी बॅसिलिकाचा मान दिलेल्या या मंदिरात साडी नेसलेली माउली सर्व धर्मांच्या लेकरांना जवळ घेते. मुंडण केलेली हिंदू कुटुंबे आणि जपमाळ घेतलेले आमचे लोक एकाच रांगेत उभे होते.

संध्याकाळी आम्ही मंडळींसाठी मराठीत मिस्सा अर्पण केली. पहिले वाचन कोणी करायचे, असे विचारताच आमचे शिक्षक पुढे झाले. पण पुस्तक त्यांनी नातवाच्या हाती दिले. मुलगा अडखळला, दोनदा थांबला. आजोबा शेजारी उभे राहून हळू आवाजात शब्द पुरवत होते. वाचन संपले.

परतीच्या गाडीत ते आम्हाला म्हणाले, "फादर, माझा तो प्रश्न मागे घेतो. राजवाड्यात आपले काम होते." तंजावर आले तेव्हा मध्यरात्र उलटली होती. या वेळी आम्ही दोघेही जागे होतो.