पिंगुळीची सावली आणि पॅरिसची पट्टी

पिवळ्या रंगाचे, मोठाले चष्मे लावलेले आणि अगम्य भाषेत बडबडणारे मिनियन हे बुटके आता मालवण-कुडाळकडच्या शाळांतील मुलांनाही चांगले परिचित आहेत. दप्तरावर, पाण्याच्या बाटलीवर, खोडरबरावर ते विराजमान झालेले असतात. ते अमेरिकेतून आले असा सर्वसाधारण समज आहे, पण तो अर्धाच खरा आहे. ‘डिस्पिकेबल मी’ या २०१० सालच्या चित्रपटामागची कंपनी अमेरिकी होती; चित्रे हलवण्याचे प्रत्यक्ष काम मात्र पॅरिसमधील ‘मॅक गफ’ या संगणक-चित्रशाळेत झाले. १९८६ साली स्थापन झालेल्या या चित्रशाळेचा चलच्चित्र विभाग २०११ मध्ये त्याच अमेरिकी कंपनीने विकत घेतला. चित्रपटाच्या दोन दिग्दर्शकांपैकी पिएर कोफँ फ्रेंच, आणि मिनियनांचे आवाजही मुख्यतः त्यांचेच.

हे काम पॅरिसमध्ये व्हावे याला मोठा इतिहास आहे. तो सांगताना मी सुरुवात मात्र कुडाळजवळच्या पिंगुळी गावापासून करणार आहे. या इतिहासातील पहिले उपकरण, म्हणजे दिवा आणि पडदा, तिथे अजून चालू स्थितीत पाहायला मिळते.

पिंगुळीचे ठाकर कलावंत तीन प्रकारांनी कथा सांगत आले आहेत: चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या. चित्रकथीत कागदावर रंगवलेली चित्रे एकामागून एक श्रोत्यांपुढे धरायची आणि वीणा, टाळ व हुडुक यांच्या साथीने रामायण-महाभारतातील आख्यान गायचे. एका आख्यानाच्या चित्रांच्या संचाला ‘पोथी’ म्हणतात. बाराव्या शतकातील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात चित्रांवरून कथा सांगणाऱ्यांचा उल्लेख येतो, तेव्हा प्रथा जुनी आहे. पिंगुळीच्या कलावंतांना सावंतवाडीच्या सावंत-भोसल्यांचा आश्रय मिळाला आणि देवळांतून त्यांचे खेळ होत राहिले.

इथे एक खुलासा केलेला बरा. ‘हे सगळे आमच्याकडे आधीच होते’ असे म्हणण्याची आपल्याला फार हौस असते. चित्रकथी म्हणजे चलच्चित्र नव्हे. तिच्यात चित्र हलत नाही. हलते ते ऐकणाऱ्याचे मन. छायाबाहुलीचा प्रकार मात्र वेगळा आहे. तिथे पडद्यावरची आकृती खरोखर हलते, मोठी होते, विरून जाते. आणि हे कसे घडते ते आठवी-नववीच्या गणितात बसते.

समजा, पडद्यामागे १०० सेंटिमीटरवर तेलाचा दिवा आहे आणि त्याची ज्योत २ सेंटिमीटर रुंद आहे. बाहुली पडद्यापासून २ सेंटिमीटरवर धरली, तर दिवा व बाहुली यांत ९८ सेंटिमीटर अंतर राहते. सावलीच्या कडेला पडणाऱ्या उपच्छायेची रुंदी समरूप त्रिकोणांवरून २ × २ ÷ ९८, म्हणजे सुमारे ०.०४ सेंटिमीटर येते. अर्धा मिलिमीटरही नाही! कडा रेखीव दिसते. आता बाहुली २० सेंटिमीटर मागे घ्या. उपच्छाया २ × २० ÷ ८०, म्हणजे अर्धा सेंटिमीटर होते आणि आकृती १०० ÷ ८०, म्हणजे सव्वापट मोठी होते. मारुती मोठा व्हायचा असेल तर तो धूसर होणारच. त्यातच ज्योत फडफडते, त्यामुळे कडा जिवंत वाटते. पाठ्यपुस्तकात प्रच्छाया आणि उपच्छाया ग्रहणाच्या प्रकरणात येतात आणि मुलांना ती आकृती कंटाळवाणी वाटते. पांढरे धोतर, पणती आणि पुठ्ठ्याचा मारुती घेऊन तोच धडा अर्ध्या तासात होतो.

फ्रान्समध्ये सावल्यांचा खेळ अठराव्या शतकात लोकप्रिय झाला. सेराफँ नावाच्या कलावंताने तो व्हर्साय येथे सुरू केला आणि १७८४ मध्ये पॅरिसला आणला. फ्रेंच लोक त्याला ‘चिनी सावल्या’ म्हणत. पुढे १८८६ च्या सुमारास पॅरिसच्या ‘काळे मांजर’ या उपाहारगृहात आंरी रिव्हिएर याने जस्ताच्या पत्र्याच्या आकृत्या कापून मोठे छायानाट्य उभारले.

खरी उडी मारली ती एमिल रेनो याने. बेल्जियमच्या जोसेफ प्लातो याने १८३२ मध्ये फिरत्या चकतीवरील चित्रे हलती दाखवली होती. पण चकतीचा एक फेरा झाला की तीच हालचाल पुन्हा सुरू होई. रेनोने चकतीऐवजी लांब पट्टी घेतली, तिच्यावर हाताने चित्रे रंगवली, चित्रांच्या मधोमध भोके पाडली आणि आरशांच्या साहाय्याने ती पडद्यावर टाकली. २८ ऑक्टोबर १८९२ रोजी पॅरिसच्या ग्रेव्हँ संग्रहालयात त्याचे खेळ सुरू झाले. ल्यूमिएर बंधूंच्या चलच्चित्राला अजून तीन वर्षे अवकाश होता. ‘बिचारा पिएरो’ या त्याच्या खेळात ५०० चित्रे होती आणि खेळ चाले सुमारे पंधरा मिनिटे. हिशेब केला तर दर सेकंदाला एक चित्रसुद्धा पडत नाही. मग हे जमले कसे? रेनो पट्टी स्वतः हाताने फिरवी. कुठे थांबे, कुठे मागे नेई, कुठे घाईने पुढे पळवी. एका अर्थी तोही बाहुलीवालाच होता. आजच्या दीड तासाच्या चित्रपटाला सेकंदाला २४ या हिशेबाने १,२९,६०० चित्रे लागतात आणि ती प्रत्येक खेळात त्याच वेगाने जातात.

या हालचालीचे कारण ‘दृष्टिसातत्य’ असे आपण शिकवतो. डोळ्यात मागील चित्र क्षणभर टिकते हे खरे; पण तेवढ्याने चित्रे एकमेकांत मिसळून गढूळ दिसायला हवीत. दोन स्थिर चित्रांमधील गती मेंदू रचतो, हे माक्स वेर्थहायमर याने १९१२ मध्ये प्रयोगांनी दाखवले. पुस्तकांत हा भाग अजून क्वचितच येतो.

फ्रान्समध्ये एमिल कोल याने १९०८ मध्ये आगकाड्या हलवून लघुपट केला. आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनी १९१५ मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ केला. त्याआधी कुंडीतील वाटाण्याची वाढ थोडी थोडी टिपून त्यांनी ‘अंकुराची वाढ’ तयार केला होता. मला तो आपला पहिला विज्ञानपटच वाटतो.

संगणकाच्या युगातील फ्रेंच वाटा मोटारींच्या कारखान्यांतून आला आहे. सित्रोएन कंपनीतील पॉल द कास्तेल्जो आणि रेनो कंपनीतील पिएर बेझिए (चित्रे फिरवणाऱ्या रेनोशी या कंपनीचा संबंध नाही) यांनी मोटारीचे वळणदार पत्रे गणितात मांडण्यासाठी वक्ररेषांची पद्धत शोधली. तीच आज पात्राच्या हाताच्या दोन अवस्था दिल्या की मधल्या अवस्था काढायला वापरतात. आंरी गूरो या फ्रेंच संशोधकाने १९७१ मध्ये अमेरिकेतील युटा येथे लहान लहान सपाट पृष्ठांनी बनलेली आकृती गुळगुळीत कशी छटांकित करावी ते दाखवले. सावलीची मऊ कडा काढताना संगणक ज्योतीच्या निरनिराळ्या बिंदूंपासून किरण मोजतो. आपण वर केलेलाच हिशेब, फक्त कोट्यवधी वेळा.

रेनोचा शेवट वाईट झाला. चित्रपटांपुढे त्याचे खेळ १९०० मध्ये बंद पडले आणि काही वर्षांनी निराशेच्या भरात त्याने आपल्या बहुतेक पट्ट्या सीन नदीत फेकून दिल्या. दोनच वाचल्या. पिंगुळीत तसे होऊ नये म्हणून परशुराम गंगावणे यांनी आपल्या गुरांच्या गोठ्यातच संग्रहालय उभे केले. त्यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. चित्रे आणि बाहुल्या अशा रीतीने टिकतील. पण कोणते चित्र किती वेळ धरायचे, कोणत्या शब्दाला बाहुली पडद्यापासून मागे घ्यायची, हे चित्रावर लिहिलेले नसते. ते हातात असते. कुडाळ-सावंतवाडीच्या एखाद्या विज्ञानशिक्षकाने कलावंतांची परवानगी घेऊन, मीटरपट्टी, घड्याळ आणि दोन विद्यार्थी यांच्यासह एका खेळाला पडद्यामागे बसावे. दिवा किती अंतरावर, ज्योत किती रुंद, बाहुली कोणत्या ओळीला किती मागे आणि किती सेकंद, एवढे चार रकाने वहीत आखले तरी पुरे.