सव्वाशें वर्षांनीं मिळालेली सनद

मृत मनुष्यास वकिलीची सनद देण्याचा प्रसंग न्यायालयावर सहसा येत नाहीं. परंतु १६ मार्च २०१५ रोजीं कॅलिफोर्निया संस्थानच्या सर्वोच्च न्यायालयानें नेमकें तेंच केलें. ज्याच्या नांवें ही सनद निघाली तो हाँग येन चँग नांवाचा चिनी गृहस्थ १९२६ सालींच निवर्तला होता. आणि त्याचा मूळ अर्ज ह्याच न्यायालयानें १८९० सालीं फेटाळून लावला होता. आज चीनमधील तरुण-तरुणी अमेरिकेंतील कायद्याच्या विद्यालयांकडे दरसाल मोठ्या संख्येनें अर्ज करितात, आणि त्यांत कोणास कांहीं नवल वाटत नाहीं. ही वाट ज्यानें प्रथम तुडविली त्याची हकीकत आपल्याकडे फारशी ठाऊक नाहीं, म्हणून ती येथें थोड्या विस्तारानें सांगण्याचें योजिलें आहे.

चँग मूळचा दक्षिणेकडील क्वांगटुंग प्रांतांतला. १८७२ सालीं चिनी बादशाही सरकारनें तीस मुलांची पहिली तुकडी शिक्षणासाठीं अमेरिकेस धाडली, तींत हा बारा-तेरा वर्षांचा मुलगा होता. ह्या योजनेचा जनक युंग विंग. १८५४ सालीं येल येथील पदवी घेऊन अमेरिकन विद्यापीठाचा पहिला चिनी पदवीधर होण्याचा मान त्यानें मिळविला होता. आपणांस जें मिळालें तें आपल्या देशांतील होतकरू मुलांस मिळावें हा त्याला ध्यासच लागून राहिला होता. चार वर्षांत दरसाल तीस ह्याप्रमाणें १२० मुलें पाठवावयाचीं, त्यांनीं न्यू इंग्लंडमधील कुटुंबांत राहून पंधरा वर्षें विद्या संपादावी, आणि मग स्वदेशीं येऊन सरकारची चाकरी करावी, असा बेत ठरला होता.

बेत उत्तम होता. परंतु मुलें हीं शेवटीं मुलें! लांब झगे आणि पाठीवर वेणी अशा थाटांत आलेलीं हीं पोरें पाहतां पाहतां बेसबॉल खेळूं लागलीं, कित्येक देवळांत जाऊं लागलीं, आणि एखाद्या धिटाईच्या पोरानें वेणीलाहि कात्री लावली. देखरेखीस नेमलेले जुन्या वळणाचे अंमलदार हवालदिल झाले. तिकडे अमेरिकन सरकारनेंहि चीनला दुखविलें. सरकारी विद्यालयें चिनी प्रजाजनांस खुलीं राहतील असा शब्द १८६८ च्या तहांत दिलेला असतां, लष्करी आणि आरमारी विद्यालयांत ह्या मुलांस प्रवेश मिळेना. १८८१ सालीं सर्वांस परत बोलावण्यांत आलें. चँग तेव्हां अँडोव्हरचें शालेय शिक्षण संपवून येलमध्यें शिकत होता. पदवी अर्धवट टाकून तो हुकुमाप्रमाणें परतला आणि तिआनजिन येथील आरमारी शाळेंत त्याची रवानगी झाली. हें कांहीं त्यास मानवलें नाहीं. लवकरच तो हवाई बेटांत आला, तेथें एका वकिलाच्या कचेरींत कांहीं काळ काम केलें, आणि १८८३ सालीं न्यूयॉर्कमधील कोलंबियाच्या कायदाविद्यालयांत दाखल झाला.

हें साल ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. त्याच्या आदल्याच वर्षीं, म्हणजे १८८२ सालीं, अमेरिकन काँग्रेसनें चिनी मजुरांस देशांत येण्याची बंदी करणारा कायदा केला होता. विद्यार्थी, शिक्षक, व्यापारी आणि प्रवासी ह्यांस मात्र १८८० च्या तहान्वयें सूट होती. म्हणून चँगला दार उघडें राहिलें. पण त्याच बंदीच्या कायद्यांत आणखी एक कलम होतें: यापुढें कोणत्याहि न्यायालयानें चिनी मनुष्यास नागरिकत्व देऊं नये. आणि नागरिक नसलेल्यास वकिलीची सनद मिळत नसे. विद्यालयानें कायदा शिकविण्यास हरकत घेतली नाहीं, फी घेतली, १८८६ सालीं पदवीहि दिली. त्या पदवीचें पुढें काय करावयाचें, हा प्रश्न मात्र विद्यालयाचा नव्हता!

न्यूयॉर्कमध्यें त्याचा अर्ज नागरिक नाहीं ह्या कारणास्तव नामंजूर झाला. दुसरा एखादा असता तर तेथेंच हात टेकता. चँगनें खटपट सोडिली नाहीं. १८८७ सालीं न्यूयॉर्कच्याच एका न्यायाधीशानें त्यास नागरिकत्वाचा दाखला दिला, आणि संस्थानच्या कायदेमंडळानें त्याला फिरून अर्ज करतां यावा म्हणून खास कायदा केला. एका परक्या विद्यार्थ्यासाठीं कायदेमंडळानें कायदा करावा ही गोष्ट लहान नव्हे; त्या काळच्या अमेरिकेंत केवळ द्वेषच भरला होता असें म्हणणाऱ्यांनीं ती विसरूं नये. १८८८ च्या मे महिन्यांत त्यास सनद मिळाली. त्याच वेळीं एका कृष्णवर्णीय उमेदवारासहि सनद मिळाली होती. हे दोघे सही करण्यास पुढें झाले तेव्हां जमलेल्या इतर विद्यार्थ्यांनीं प्रत्येकासाठीं जोरानें टाळ्या वाजविल्या, असें तत्कालीन वृत्तपत्रांत नमूद आहे.

अमेरिकेंतील चिनी वस्ती मुख्यत्वेंकरून पश्चिम किनाऱ्यावर, सॅन फ्रॅन्सिस्कोच्या बाजूस होती. ज्यांना वकिलाची सर्वांत अधिक गरज ते अशील तेथें होते. अर्थात् न्यूयॉर्कची सनद घेऊन चँग कॅलिफोर्नियास गेला. परसंस्थानच्या सनदेवर तेथें वकिली करण्यास परवानगी मिळण्याची सोय होती. १८९० सालीं कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला तो असा: अर्जदाराची सनद रीतसर आहे, परंतु मंगोल वंशाच्या मनुष्यास अमेरिकन नागरिक होतां येत नाहीं, सबब १८८७ चा दाखलाच मुळांत रद्दबातल आहे, सबब अर्ज नामंजूर.

हा निकाल वाचतांना मन अस्वस्थ होतें तें न्यायाधीशांनीं कायदा मोडला म्हणून नव्हे, तर तो अगदीं काटेकोरपणें पाळला म्हणून. कोलंबियामध्यें चँगला ज्या रीतीनें युक्तिवाद करण्यास शिकविलें, त्याच रीतीनें, पायरी पायरीनें, त्याला बाहेर काढण्यांत आलें. आपल्याकडील वाचकांस विलायतेंतील प्रकार परिचित आहे. परतंत्र हिंदुस्थानांतील तरुण लंडनच्या इन्समध्यें टर्म भरून, डिनरें खाऊन बॅरिस्टर होत. तेथें वंशाची आडकाठी नव्हती. सिंगापुरांत जन्मलेला वू टिंगफांग हा चिनी गृहस्थ लिंकन्स इनमधून १८७७ सालीं बॅरिस्टर झाला, आणि पुढें १८९७ सालीं चीनचा वकील म्हणून वॉशिंग्टनमध्यें येऊन दाखल झाला. म्हणजे ज्या देशांत चिनी मनुष्यास अशिलाची बाजू मांडण्याची बंदी, त्याच देशांत कायद्याचा एक चिनी पंडित आपल्या बादशहाची बाजू मांडीत होता! साम्राज्यानें बॅरिस्टरी दिली आणि प्रजासत्ताकानें सनद नाकारली, ह्यावरून साम्राज्याची थोरवी गाण्याचें कारण नाहीं; साम्राज्यानें आमचें जें घेतलें त्याचा हिशेब निराळा आहे. पण फरक होता खरा.

चँगचें पुढील आयुष्य यशस्वी म्हणावें असेंच गेलें. तो बँकेच्या धंद्यांत शिरला. चीनच्या वकिलातींत मोठ्या हुद्द्यांवर राहिला. वकिली मात्र त्यानें कॅलिफोर्नियांत कधींच केली नाहीं. खुद्द युंग विंगचेंहि असेंच झालें. त्यानें १८५२ सालीं अमेरिकन नागरिकत्व घेतलें होतें. १८७६ सालीं येलनें त्यास कायद्याचा सन्माननीय पंडित म्हणून पदवी अर्पण केली. आणि १८९८ सालीं अमेरिकन सरकारनें त्यास कळविलें कीं, तुमचें नागरिकत्व कायद्यांत बसत नाहीं.

पुढच्या पिढीनें ह्यावरून जो धडा घेतला तो असा कीं, शिकावें आणि परत जावें. घेतला म्हणण्यापेक्षां तो त्यांजवर लादला गेला म्हणणें अधिक खरें. १९०० सालीं अमेरिकन खजिनाखात्यानें ‘विद्यार्थी’ ह्या शब्दाची जी व्याख्या केली तींत तीन अटी होत्या: स्वदेशीं ज्याची सोय नाहीं असें उच्च शिक्षण घेण्यास तो आलेला असावा, त्याच्या निर्वाहाची तजवीज असावी, आणि अभ्यास संपतांच त्यानें चालतें व्हावें. स्वतःच्या सरकारचा दाखला, त्यावर अमेरिकन वकिलाची सही, आणि एवढें करूनहि बंदरावर उलटतपासणी ती होतीच.

तरी ओघ थांबला नाहीं. बॉक्सर बंडानंतर चीनवर जो जबर दंड बसविण्यांत आला त्यांतील आपल्या हिश्शाचा जादा भाग सोडण्याचें अमेरिकेनें १९०८ सालीं ठरविलें, आणि त्या पैशांतून शिष्यवृत्त्या निघाल्या. १९०९ सालीं परीक्षा घेऊन ४७ विद्यार्थी निवडण्यांत आले. १९११ सालीं ह्याच कामीं पेकिंगजवळ त्सिंगह्वा विद्यालय सुरू झालें. शेंकडा ८० विद्यार्थ्यांनीं यंत्रविद्या, खाणी, शेती असे विषय घ्यावे आणि केवळ २० जणांनीं कायदा, राज्यशास्त्र इत्यादि, असा नियम होता. चीनला पूल बांधणारे हवे होते, वाद घालणारे नव्हेत! आपल्याकडेहि अशी मतें ऐकूं येतात.

पण ह्या थोडक्यांतून जीं माणसें निघालीं तीं विलक्षण होतीं. शिष्यवृत्त्यांच्या आधींच गेलेला वँग चुंगहुई १९०५ मध्यें येलचा कायदेपंडित झाला, आणि १९०७ सालीं त्यानें जर्मनांच्या दिवाणी कायद्याचें इंग्रजी भाषांतर लंडनमध्यें प्रसिद्ध केलें. चिनी मनुष्यानें जर्मन कायदा इंग्रजींत आणून इंग्रजांस वाचावयास द्यावा, ह्याहून बुद्धीचा पुरावा तो कोणता? पुढें हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा तो न्यायाधीश झाला.

शांघायमध्यें सूचाऊ विद्यापीठानें १९१५ सालीं तौलनिक कायद्याचें विद्यालय काढिलें. तेथें संध्याकाळीं वर्ग भरत आणि शहरांतील वकील व न्यायाधीश दिवसाचें काम आटोपून शिकवावयास येत. तेथला एक विद्यार्थी जॉन वू मिशिगन विद्यापीठांत गेला. १९२१ सालीं, वयाच्या बाविसाव्या वर्षीं, त्यानें चीनच्या प्राचीन कायद्यांवर तेथील नियतकालिकांत लेख लिहिला आणि त्याची प्रत सरळ न्यायमूर्ति होम्स ह्यांस पाठवून दिली. ऐंशी वर्षांच्या त्या वृद्ध न्यायाधीशानें उत्तर धाडलें, आणि दोघांचा पत्रव्यवहार पुढें अनेक वर्षें चालला. १९३३ सालीं चिनी राज्यघटनेचा मसुदा करण्याचें काम ह्याच वूच्या हातीं आलें. शिकागोचा पदवीधर मेइ जू-आव हा दुसऱ्या महायुद्धानंतर टोकियो येथील लष्करी न्यायपीठावर चीनचा न्यायाधीश म्हणून बसला. आपले राधाबिनोद पाल त्याच पीठावर होते. दोघांचीं मतें मात्र दोन टोकांचीं झालीं.

परत जाण्याचा धडा निर्धोक नव्हता, हें मेइच्याच चरित्रावरून दिसतें. १९४९ च्या राज्यक्रांतीनंतर जुने सारे कायदेग्रंथ रद्द झाले. मेइ चीनमध्येंच राहिला. १९५७ सालीं त्याच्यावर ‘उजवा’ असा शिक्का बसला, आणि १९७३ सालीं तो उपेक्षेंतच वारला. १९५९ सालीं तर न्यायखातेंच मोडीत निघालें. जॉन वू १९५१ पासून अमेरिकेंत कायदा शिकवूं लागला. १९४३ सालीं चिनी लोकांवरील बंदी उठून नागरिकत्वाची वाट मोकळी झालेली होती. पण चीनचेंच दार आंतून बंद झालें होतें. तें उघडलें १९७८ च्या डिसेंबरांत, ५२ अभ्यासकांची पहिली तुकडी अमेरिकेस निघाली तेव्हां. वकिलांविषयींचा नवा कायदा चीननें १९८० सालीं केला. एका पिढीच्या मौनानंतर शिकविणार कोण? तेव्हां पुनः परदेशीं जाणें आलें.

आज अर्जाचा पसारा मोठा आहे. अमेरिकेंत कायदा हा पदवीनंतरचा विषय. तीन वर्षांचा पूर्ण अभ्यासक्रम किंवा स्वदेशींच्या कायदेपदवीधरांसाठीं एका वर्षाचा. त्यासाठीं गुणपत्रकें, इंग्रजीची परीक्षा, तीन वर्षांच्या अभ्यासक्रमास बहुधा १९४८ सालीं सुरू झालेली प्रवेशपरीक्षा, शिफारसपत्रें, आणि आपण कोण व येथेंच कां येऊं इच्छितों हें सांगणारा एक निबंध. शिफारसपत्रें लिहिण्याचें काम ह्या लेखकासहि आपल्या विद्यार्थ्यांसाठीं करावें लागतें, त्यामुळें तो निबंध लिहितांना मुलांची जी ओढाताण होते ती पाहिलेली आहे. नागरिकत्वाची अट कॅलिफोर्नियांत १९७२ सालीं आणि साऱ्या देशांत १९७३ सालीं न्यायालयांनीं मोडून काढिली. न्यूयॉर्कमध्यें तर एका वर्षाचा अभ्यास केलेल्या परदेशी पदवीधरासहि कांहीं अटींवर सनदेच्या परीक्षेस बसतां येतें.

२०१५ च्या निकालामागची खटपट डेव्हिस येथील कायदाविद्यालयाच्या आशियाई वंशाच्या विद्यार्थ्यांनीं केली होती. त्यांनीं जुने कागद काढिले, न्यायालयापुढें अर्ज मांडिला, आणि न्यायाधीशांनीं एकमतानें १८९० ची चूक कबूल केली.

एक अट मात्र अजून कायम आहे. विद्यालयाचें प्रवेशपत्र हातीं आल्यावर बीजिंग, शांघाय किंवा क्वांगचौ येथील अमेरिकन वकिलातीच्या खिडकीपुढें उभें राहावें लागतें. आणि १९५२ च्या कायद्याप्रमाणें अभ्यास संपल्यावर आपण परत जाणार अशी तेथील अधिकाऱ्याची खात्री पटवावी लागते. विद्यालयास पाठविलेल्या निबंधांत न्यूयॉर्कमध्यें वकिली करण्याची उमेद मोकळेपणानें लिहिलेली असते. खिडकीशीं मात्र ‘परत जाईन’ असें सांगावें लागतें. चँग कोलंबियांत शिरला तेव्हां त्याला परत बोलावून नेल्यास दोनच वर्षें झालीं होतीं. तो बर्कली येथें वारला.