दुष्काळातून आलेल्या बायका

आपल्या बोरी अरबकडे, यवतमाळच्या कापूसपट्ट्यात, नापिकी झाली की आधी पिकाचा हिशोब होतो. मागं राहिलेल्या बाईचं काय, हे सगळ्यात शेवटी विचारतात. पंडिता रमाबाईंनी ते आधी विचारलं.

कारण त्यांनी ते भोगलं होतं. आई-वडील दुष्काळात गेले. लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोच, १८८२ मध्ये, नवरा गेला. पदरात तान्ही मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तर इकडे टीकेची झोड उठली.

१८९६ मध्ये पुन्हा दुष्काळ पडला. तेव्हा रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुली-बायकांना सोबत घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगावला 'मुक्ती' उभी राहिली. समाजानं 'वाईट' ठरवून टाकून दिलेल्या बायकांसाठी तिथंच 'कृपासदन' झालं.

तिथं नुसतं जेवण नव्हतं, काम होतं: शेती, विणकाम, छपाई. रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं, आणि त्याचे खिळे जुळवले मुक्तीतल्या बायकांनी. जिला कुणी अक्षर शिकवलं नव्हतं, तिच्या हातून ग्रंथ छापला गेला!

भूतकाळ पुसला गेला नाही. पण त्यांची ओळख तेवढीच राहिली नाही. मला वाटतं, श्रद्धेनं त्यांना दिलं ते हेच.